घरातील नेटवर्कची दुरुस्ती: दोष घरात की घराबाहेर, याच्या नोंदी

२ फेब्रुवारी: तक्रारी वेगळ्या करणे

घरात सर्व जण एकच तक्रार करत होते, ती म्हणजे ‘नेट चालत नाही’. एवढ्या माहितीवर काहीही दुरुस्त करता येत नाही, म्हणून आज कोणत्याही उपकरणाला हात न लावता प्रत्येकाकडून नेमके काय होते ते विचारून लिहून घेतले. त्यातून चार निरनिराळ्या गोष्टी पुढे आल्या. संध्याकाळी व्हिडिओ कॉलमध्ये आवाज तुटतो. मागच्या खोलीतील संगणकाचे इंटरनेट अधूनमधून पूर्ण जाते, आणि तो बंद करून पुन्हा चालू केला की कधी परत येते, कधी येत नाही. काही संकेतस्थळे अर्धवट उघडून तशीच थांबतात, मात्र त्याच वेळी दुसरी व्यवस्थित चालतात. आणि चौथी गोष्ट म्हणजे कधी कधी घरातील सगळ्यांचेच एकदम बंद पडते व काही मिनिटांनी आपोआप सुरू होते. या चारही तक्रारींचे मूळ एकच असावे असे गृहीत धरायचे नाही, हे सुरुवातीलाच ठरवले.

त्यानंतर कागदावर जोडणीचा नकाशा काढला. फायबरचा तंतू पुढच्या खोलीत सेवादात्याच्या पेटीत येतो. या पेटीला ओएनटी म्हणतात, आणि प्रकाशाच्या संकेतांचे विजेच्या संकेतांत रूपांतर करणे एवढेच काम ती आमच्याकडे करते, कारण ती ब्रिज पद्धतीत ठेवलेली आहे, म्हणजे राउटरचे काम ती करत नाही. तिच्यापासून एक छोटी केबल राउटरला जाते आणि पीपीपीओईचे लॉगिन, म्हणजे सेवादात्याला नाव व पासवर्ड देऊन जोडणी सुरू करणे, राउटर करतो. राउटरपासून एक लांब केबल भिंतीतल्या पाइपातून मागच्या खोलीत जाते आणि तिथे एक जुना राउटर केवळ वाय-फाय व जादा पोर्ट मिळावेत म्हणून लावलेला आहे. योजना डाउनलोडला २०० मेगाबिट आणि अपलोडला ५० मेगाबिटची आहे. हे आकडे बिटमध्ये असतात व फाइल उतरताना संगणक बहुधा बाइटमध्ये वेग दाखवतो, त्यामुळे तिथे सेकंदाला २५ मेगाबाइट दिसले तर ते पूर्ण २०० मेगाबिट समजावेत.

३ फेब्रुवारी: तीन ठिकाणी एकाच वेळी पिंग

एक लॅपटॉप केबलने थेट राउटरला जोडला आणि दुसरा नेहमीच्या जागी वाय-फायवर ठेवला. दोन्हींवरून तीन ठिकाणांना दर सेकंदाला पिंग (उत्तर येते का व किती वेळात, हे पाहणारा छोटा संदेश) पाठवणे सुरू केले व प्रत्येक उत्तर वेळेसह फाइलमध्ये साठवले. पहिले ठिकाण आमचा राउटर, म्हणजे १९२.१६८.१.१. दुसरे ठिकाण ट्रेसराउटमध्ये (वाटेतले टप्पे दाखवणाऱ्या चाचणीत) राउटरनंतर लगेच दिसणारा सेवादात्याचा पत्ता. तिसरे ठिकाण बाहेरचा एक सार्वजनिक पत्ता, १.१.१.१. नावाऐवजी आकड्यांचा पत्ता घेण्यामागे कारण आहे: नाव वापरले की डीएनएसचा, म्हणजे नावावरून पत्ता शोधणाऱ्या सेवेचा, दोषही त्याच मोजणीत मिसळतो आणि मग दोन गोष्टी वेगळ्या काढता येत नाहीत.

पूर्ण रात्र आणि दुसरा दिवस हे चालू ठेवले. केबलवरच्या लॅपटॉपला राउटरचे उत्तर सतत एक मिलिसेकंदाच्या आत मिळत होते. वाय-फायवरच्या लॅपटॉपला मात्र त्याच राउटरचे उत्तर यायला मधूनमधून दोनशे-तीनशे मिलिसेकंद लागत होते आणि काही उत्तरे हरवत होती. राउटरपर्यंतचा प्रवास घरातल्या घरातच होतो, त्यामुळे निदान हा दोष तरी सेवादात्याच्या माथी मारता येणार नाही, हे स्पष्ट झाले. आजवर वेगचाचणी नेहमी वाय-फायवरूनच केली गेली होती, म्हणून ते सर्व आकडे बाजूला ठेवले. केबलवरून चाचणी केली तेव्हा १९० मेगाबिटच्या पुढचा वेग मिळाला.

४ फेब्रुवारी: वाय-फाय

एका वेळी एकच बदल करायचा, त्यानंतर किमान काही तास मोजणी चालू ठेवायची आणि मगच पुढचा बदल करायचा, असा नियम आजपासून पाळला. वेळ जास्त जातो, परंतु कोणत्या बदलाने काय झाले हे निश्चित सांगता येते.

फोनवरच्या वाय-फाय विश्लेषक ॲपमध्ये असे दिसले की आमचा राउटर २.४ गिगाहर्ट्झ पट्ट्यात चॅनल ४ वर, ४० मेगाहर्ट्झ रुंदी घेऊन बसला होता आणि आसपासची बहुतेक नेटवर्क चॅनल १ आणि ६ वर होती. या पट्ट्यात शेजारच्या दोन चॅनलांमध्ये केवळ ५ मेगाहर्ट्झचे अंतर असते, तर साधा संकेत सुमारे २० मेगाहर्ट्झ जागा व्यापतो, आणि म्हणून एकमेकांवर न चढणारे चॅनल १, ६ आणि ११ एवढेच उरतात. दोन राउटर एकाच चॅनलवर असले तर ते एकमेकांचे ऐकून आळीपाळीने बोलतात. चॅनल ४ वरचा राउटर १ व ६ या दोन्हींवर अर्धवट चढतो, आणि अर्धवट चढलेला संकेत समोरच्याला ऐकू न येता केवळ गोंगाट म्हणून जाणवतो, म्हणून मधला रिकामा दिसणारा चॅनल निवडणे बहुधा तोट्याचे ठरते. रुंदी २० केली आणि चॅनल ११ कायम केला.

सुधारणा झाली, पण अपेक्षेइतकी नाही. राउटरपासून चार पावलांवरही २.४ गिगाहर्ट्झचा वेग कमी-जास्त होत होता. राउटरच्या मागे यूएसबी ३.० ची बाहेरची हार्ड डिस्क लावलेली होती. यूएसबी ३.० च्या जोडणीतून निघणारा गोंगाट नेमका २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात पडतो, आणि इंटेलने २०१२ मध्ये यावर सविस्तर तांत्रिक टिपण प्रसिद्ध केले होते. डिस्क काढून ठेवताच राउटरच्या पिंगमधील उड्या जवळजवळ नाहीशा झाल्या. डिस्क आता लांब व चांगले आवरण असलेल्या केबलने राउटरपासून दूर ठेवली आहे, आणि राउटरच्या सेटिंगमध्ये ते पोर्ट यूएसबी २.० च्या वेगावर बांधले आहे.

५ गिगाहर्ट्झचे निदान राउटरच्या स्वतःच्या नोंदवहीतून मिळाले. तिथे ‘रडार आढळले’ अशा नोंदी होत्या आणि त्यांच्या वेळा लॅपटॉपच्या वाय-फाय जोडणी सुटण्याच्या वेळांशी जुळत होत्या. चॅनल ५२ ते १४४ हा भाग बहुतेक देशांत रडार यंत्रणांबरोबर वाटून घेतलेला आहे. रडारसारखा संकेत मिळाला की राउटरला तो चॅनल सोडावा लागतो, आणि त्याच भागातला नवा चॅनल घ्यायचा असेल तर प्रक्षेपणापूर्वी एक मिनिट नुसते ऐकत राहावे लागते. ते एक मिनिट घरातील ५ गिगाहर्ट्झवरची सर्व उपकरणे एकदम तुटतात. चॅनलची निवड ‘स्वयंचलित’ असल्यामुळे राउटर त्या भागात गेला होता. चॅनल ३६ कायम केल्यानंतर त्या नोंदी थांबल्या.

८ फेब्रुवारी: भिंतीतली केबल

मागच्या खोलीतील संगणक केबलवर आहे, त्यामुळे वाय-फायच्या सुधारणेचा त्याच्याशी संबंध नव्हता. त्याची वेगचाचणी काही केल्या ९४ मेगाबिटच्या वर जात नव्हती. हा आकडा ओळखून ठेवण्यासारखा आहे. १०० मेगाबिटच्या इथरनेट जोडणीतून वेष्टनाचा खर्च वजा जाऊन प्रत्यक्ष माहिती साधारण एवढीच जाते, म्हणून ९३-९४ वर अडकलेला वेग दिसला की केबल किंवा पोर्ट १०० वर उतरले आहे असे समजून पुढे जावे. राउटरच्या पानावर त्या पोर्टपुढे १०० असेच लिहिलेले होते, आणि दोन्ही टोकांचे पॅच कॉर्ड बदलूनही ते बदलले नाही.

केबलमध्ये तारांच्या चार जोड्या असतात. १०० मेगाबिटला त्यांपैकी दोनच लागतात, म्हणजे १-२ आणि ३-६. गिगाबिटला मात्र चारही जोड्या शाबूत असाव्या लागतात. दोन्ही टोकांची उपकरणे आपसांतला वेग ठरवण्याची बोलणी पहिल्या दोन जोड्यांवरूनच करतात, त्यामुळे ४-५ किंवा ७-८ तुटलेली असली तरी ती गिगाबिटला होकार देतात आणि मग प्रत्यक्ष जोडणी उभी राहत नाही. काही उपकरणे अशा वेळी थोड्या प्रयत्नांनंतर १०० वर उतरतात, काहींचा दिवा नुसता लागत-विझत राहतो.

दिव्यांचा साधा केबल टेस्टर लावला तेव्हा १ ते ७ दिवे क्रमाने लागले आणि आठवा लागला नाही. पुढच्या खोलीतील कनेक्टर कापून पाहिला, तर तपकिरी तार कनेक्टरच्या तोंडाशीच तुटलेली होती. नवा कनेक्टर लावण्यापूर्वी जुन्यातील रंगांचा क्रम पाहिला, आणि खरा दोष तिथे सापडला. ज्याने ही केबल बसवली त्याने रंगांच्या जोड्या शेजारी-शेजारी लावल्या होत्या: नारिंगी १-२ वर, हिरवी ३-४ वर, निळी ५-६ वर आणि तपकिरी ७-८ वर. दोन्ही टोकांना हाच क्रम असल्यामुळे प्रत्येक तार समोरच्या त्याच क्रमांकाला पोहोचते आणि टेस्टर सर्व काही ठीक दाखवतो. उपकरण मात्र ३ आणि ६ यांना एक जोडी मानते, आणि इथे ३ वर हिरव्या जोडीतील एक तार तर ६ वर निळ्या जोडीतील एक तार आलेली होती. एका जोडीच्या दोन तारा एकमेकींना पीळ देऊन ठेवलेल्या असतात म्हणूनच बाहेरचा व शेजारच्या जोडीचा गोंगाट रद्द होतो, आणि जोडी फुटली की तो फायदा जातो. लांबी थोडी असेल तर अशी केबल चालतेही, परंतु आमच्या केबलवर १०० च्या वेगालाही जुन्या राउटरच्या पोर्टवर सीआरसी चुकांची (बिघडून पोहोचलेल्या माहितीची) संख्या सतत वाढत होती, आणि त्याचा उलगडा यामुळे झाला.

दोन्ही टोके टी-५६८-बी क्रमाने नव्याने केली: पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. पीळ उलगडायचा तो तेरा मिलिमीटरपेक्षा जास्त नाही, आणि बाहेरचे आवरण कनेक्टरच्या आत जाऊन त्याच्या चिमटीत आले पाहिजे, नाहीतर सगळा ताण उघड्या तारांवर येतो. पुढच्या टोकाची आधीची तार तशीच तुटली होती. भिंतीतल्या केबलची तार एकसंध तांब्याची असते आणि पॅच कॉर्डची अनेक बारीक तारांची असते. दोन्हींसाठी कनेक्टरची पाती वेगवेगळी असतात, हे कनेक्टर घेतानाच तपासावे. या कामात संपूर्ण दुपार गेली आणि काही कनेक्टर वाया गेले, कारण भिंतीतून बाहेर आलेली केबल आखूड होती आणि प्रत्येक कापणीला ती आणखी आखूड होत होती. नव्याने केबल ओढणाऱ्याने दोन्ही टोकांना हातभर वळे शिल्लक ठेवावे अशी माझी कळकळीची विनंती आहे.

जोडणी आता १००० दाखवते. रात्रभरात सीआरसी चुकांची संख्या शून्यावरच राहिली.

९ फेब्रुवारी: दोन डीएचसीपी

केबल निर्दोष झाल्यावरही आज सकाळी मागच्या खोलीतील संगणकाचे इंटरनेट गेले. पोर्टवरचा दिवा लागलेला होता, वेग १००० होता, तरी काहीही उघडत नव्हते. संगणकाचा पत्ता पाहिला तर तो १९२.१६८.०.१०३ असा होता. आमच्या राउटरने दिलेला पत्ता १९२.१६८.१ ने सुरू व्हायला हवा, म्हणजे हा पत्ता दुसऱ्या कोणीतरी वाटला होता.

तो दुसरा म्हणजे मागच्या खोलीतील जुना राउटर. त्याच्यातील डीएचसीपी, म्हणजे उपकरणांना पत्ते वाटण्याची सोय, कोणीही बंद केलेले नव्हते, आणि केबल त्याच्या लॅन पोर्टमध्ये असल्यामुळे घरातल्या एकाच नेटवर्कवर पत्ते वाटणारे दोघे झाले होते. नवे उपकरण ‘मला पत्ता द्या’ अशी हाक सगळ्यांना देते आणि ज्याचे उत्तर आधी येईल त्याचा पत्ता सहसा घेते. जुन्या राउटरने उत्तर दिले की तो बाहेर जाण्याचा मार्ग म्हणून स्वतःचाच पत्ता सांगतो, आणि त्याच्यापुढे तर इंटरनेट नाहीच. दोष अधूनमधून का दिसत होता हेही यावरून समजले. एकदा पत्ता मिळाला की मुदतीच्या अर्ध्या वाटेवर उपकरण त्याच देणाऱ्याकडे नूतनीकरण मागते, त्यामुळे चांगला पत्ता मिळालेला संगणक दिवसेंदिवस व्यवस्थित चालतो. वीज जाऊन आली, सगळेच नव्याने चालू झाले आणि जुना राउटर आधी जागा झाला, की मग बिघाड होतो. प्रिंटर नेटवर्कवरून नाहीसा होतो ही एक वेगळी वाटणारी तक्रारही यातच मिटली.

जुन्या राउटरला १९२.१६८.१.२ हा कायमचा पत्ता दिला आणि मग त्याच्यातील डीएचसीपी बंद केले. मुख्य राउटर १०० ते २०० या क्रमांकांतलेच पत्ते वाटतो, त्यामुळे २ हा क्रमांक दुसऱ्या कोणाला जाणार नाही. हा क्रम महत्त्वाचा आहे: पत्ता आधी बदलावा आणि डीएचसीपी नंतर बंद करावे, नाहीतर त्या राउटरच्या पानापर्यंत पोहोचणे अवघड होते. प्रिंटरसाठी मुख्य राउटरमध्ये पत्ता राखून ठेवला.

संगणकावर १६९.२५४ ने सुरू होणारा पत्ता दिसला तर निदान वेगळे करावे लागते. तो पत्ता संगणकाने स्वतःच घेतलेला असतो, आणि डीएचसीपीकडून काहीच उत्तर आले नाही एवढाच त्याचा अर्थ होतो. अशा वेळी केबल, पोर्ट किंवा मधला स्विच तपासावा.

१२ फेब्रुवारी: अर्धवट उघडणारी संकेतस्थळे

हे काम अर्ध्या तासात झाले, आणि नेमकी हीच तक्रार सर्वांत जुनी होती. लहान माहिती जाते आणि मोठी अडकते असे दिसले की एमटीयू, म्हणजे एका पॅकेटच्या (माहितीच्या एका तुकड्याच्या) आकाराची मर्यादा, तपासावा. इथरनेटवर एका पॅकेटची कमाल मर्यादा १५०० बाइट असते, पीपीपीओई त्यातले ८ बाइट स्वतःसाठी घेते, म्हणून राउटरच्या बाहेरच्या जोडणीवर ती १४९२ असायला हवी. आमच्या राउटरमध्ये तिथे हाताने १५०० लिहिलेले होते.

खात्री करण्यासाठी तुकडे न करण्याची अट घालून पिंग पाठवला. पिंगमध्ये जो आकार आपण देतो त्यात शीर्षकांचे २८ बाइट मिळवावे लागतात. १४७२ चा पिंग गेला नाही, १४६४ चा गेला, आणि १४६४ अधिक २८ म्हणजे बरोबर १४९२. एरवी पॅकेट मोठे झाले तर मधला राउटर पाठवणाऱ्याला तसे कळवतो व तो आकार कमी करतो, परंतु सुरक्षेच्या नावाखाली असे आयसीएमपी संदेश सरसकट अडवणारे सर्व्हर आहेत. त्यांना सूचना मिळतच नाही आणि ते तेच मोठे पॅकेट पुन्हापुन्हा पाठवत राहतात, त्यामुळे काही संकेतस्थळे चालतात आणि काही लटकतात. एमटीयू १४९२ केला आणि टीसीपीच्या तुकड्याची मर्यादा राउटरमध्ये १४५२ ला बांधली. लटकणारी सर्व संकेतस्थळे उघडली.

१५ फेब्रुवारी: संध्याकाळचे कॉल

वाय-फाय सुधारल्यापासून आवाज तुटणे कमी झाले होते, पण थांबले नव्हते. संध्याकाळची नोंद उघडली तर केबलवरच्या लॅपटॉपवरूनही बाहेरच्या पत्त्याचा पिंग १२ मिलिसेकंदांवरून ४०० च्या पुढे जात होता, आणि त्याच क्षणी राउटरचा पिंग मात्र एक मिलिसेकंदाच्या आतच होता. पॅकेट हरवत नव्हते, केवळ उशिरा येत होते. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघटनेच्या जी.११४ शिफारशीनुसार बोलण्यासाठी एका दिशेचा विलंब १५० मिलिसेकंदांच्या आत असावा, आणि इथे तर तो त्याच्या बाहेर जाण्याची चिन्हे होती.

वेळा जुळवून पाहिल्यावर कारण सापडले. फोन चार्जिंगला लागले की दिवसभराची छायाचित्रे आणि चित्रफिती वर चढायला सुरुवात होते आणि ५० मेगाबिटची अपलोडची वाट पूर्ण भरते. राउटर आणि पुढची उपकरणे जास्तीची पॅकेट टाकून देण्याऐवजी लांबलचक रांगेत साठवून ठेवतात, आणि कॉलमधले आवाजाचे छोटे पॅकेट त्या रांगेच्या शेवटी उभे राहते. डाउनलोडही मंदावते, कारण मिळालेल्या प्रत्येक माहितीची पोच अपलोडच्या वाटेनेच परत जावी लागते. या दोषाला बफरब्लोट म्हणतात. जिम गेटिस यांनी तो २०१० च्या सुमारास स्वतःच्या घरच्या जोडणीवर मोजून सर्वांपुढे मांडला, कॅथलीन निकोल्स आणि व्हॅन जेकबसन यांनी २०१२ मध्ये त्यावर कोडेल ही रांग आवरण्याची पद्धत दिली, आणि तिच्यावर आधारलेली एफक्यू-कोडेल आता घरगुती राउटरमध्येही मिळते. माणसांनी आपल्या घरात चिकाटीने केलेल्या मोजणीतून हे काम उभे राहिले, याचा मला मनापासून आदर वाटतो.

आमच्या राउटरमध्ये ही सोय होती, पण बंद होती. ती चालू करताना वाटेचा वेग हाताने सांगावा लागतो आणि तो प्रत्यक्ष मोजलेल्या वेगापेक्षा थोडा कमी सांगावा लागतो, म्हणजे रांग सेवादात्याच्या उपकरणात न साचता आपल्या राउटरमध्ये, आपल्या नियंत्रणाखाली राहते. अपलोडला ४५ मेगाबिटची मर्यादा दिली. डाउनलोडलाही मर्यादा दिली तेव्हा राउटरचा प्रोसेसर कमी पडू लागला आणि वेग १३० मेगाबिटपर्यंत घसरला, कारण ही सोय चालू असताना पॅकेट पुढे ढकलण्याची वेगळी हार्डवेअर वाट वापरता येत नाही. म्हणून डाउनलोडची मर्यादा काढून टाकली आणि अपलोडचीच ठेवली. छायाचित्रे वर चढत असतानाही आता पिंग २५ मिलिसेकंदांच्या आसपास राहतो. नवा राउटर घेण्याचा विचार घरात चालला होता, तो या नोंदीनंतर थांबला.

२० फेब्रुवारी: सगळ्यांचे एकदम बंद पडणे

आता नोंदींत एकाच प्रकारचा खंड उरला होता. त्या वेळी राउटरचे उत्तर येत राहते, परंतु सेवादात्याच्या पहिल्या पत्त्याचे आणि बाहेरच्या पत्त्याचे उत्तर एकाच सेकंदाला बंद होते. दोन-तीन मिनिटांनी राउटर पीपीपीओईचे लॉगिन पुन्हा करतो आणि सर्व सुरळीत होते. आज तो क्षण समोरच घडला आणि ओएनटीवरचा ‘लॉस’ लिहिलेला तांबडा दिवा लागलेला पाहता आला. तो दिवा लागतो तेव्हा पेटीपर्यंत प्रकाशच पोहोचत नसतो.

लॅपटॉप थेट पेटीला जोडून तिच्या माहितीपानावर मिळणाऱ्या प्रकाशाची शक्ती पाहिली. ती उणे २८ डीबीएमच्या आसपास होती (डीबीएम हे शक्तीचे एकक आहे, आणि उण्यापुढचा आकडा जितका मोठा तितकी शक्ती कमी). घरगुती जोडण्यांत सर्रास आढळणाऱ्या बी-प्लस वर्गाच्या जीपॉन (फायबर जोडणीचा एक प्रकार) पेटीची ग्रहणक्षमता उणे २७ पर्यंत असते, म्हणजे आमची जोडणी मर्यादेच्या बाहेर राहून कशीबशी चालत होती. दर ३ डेसिबलला शक्ती निम्मी होते, हे लक्षात घेतले की एका-दोन आकड्यांचे महत्त्व समजते.

कपाट पुढे ओढले तर मागच्या फळीने तंतू भिंतीवर दाबून धरलेला होता. तंतू तीव्र वळला की प्रकाश त्या वळणावर बाहेर सांडतो. साध्या तंतूला सुमारे ३० मिलिमीटर त्रिज्येपेक्षा लहान वळण देऊ नये. वळण सहन करणारे तंतू यापेक्षा बरेच लहान वळण घेऊ शकतात, पण आपल्या घरात कोणता आहे हे बाहेरून सांगता येत नसल्यामुळे मोठेच वळण ठेवावे. कपाट सरकवून तंतूला मोठे, सैल वळण दिले आणि शक्ती उणे २५ वर आली. यापुढचे काम मी स्वतः केले नाही. तंतूचा कनेक्टर उघडून त्याच्या टोकाकडे कधीही पाहू नये. त्यातून येणारा १४९० नॅनोमीटरचा प्रकाश डोळ्यांना दिसत नाही, त्यामुळे तो चालू आहे की नाही हेही कळत नाही.

२७ फेब्रुवारी: सेवादात्याकडे तक्रार

कपाट सरकवल्यानंतर खंड विरळ झाले, पण एकदा पुन्हा दिवा लागला, म्हणून तक्रार नोंदवली. पूर्वीच्या तक्रारी ‘राउटर बंद करून चालू करा’ या उत्तरावर संपत असत. या वेळी तक्रारीत खंडांच्या तारखा व वेळा, त्या वेळी राउटर उत्तर देत होता आणि पहिला पत्ता देत नव्हता याची नोंद, तांबड्या दिव्याचे छायाचित्र आणि शक्तीचा आकडा एवढेच लिहिले. ट्रेसराउटचे निकाल मुद्दाम दिले नाहीत. मधल्या एखाद्या टप्प्यावर पॅकेट हरवल्यासारखे दिसते, परंतु त्याच्या पुढच्या टप्प्यांवर सर्व उत्तरे येत असतील तर त्या मधल्या राउटरने पिंगला उत्तर देणे कमी केलेले असते, आणि असा पुरावा पुढे केला की आपली बाकीची तक्रारही कमकुवत होते.

तंत्रज्ञ आले, त्यांनी शक्तिमापक लावून आकडा स्वतः पाहिला, इमारतीतील विभाजक पेटीतला कनेक्टर साफ केला आणि आमच्या बाजूचा कनेक्टर नव्याने बसवला. शक्ती आता उणे २१ आहे.

९ मार्च: शेवटची तपासणी

तिन्ही पिंग अजून चालू आहेत. त्यानंतर तांबडा दिवा लागलेला नाही आणि पीपीपीओईचे लॉगिन मधूनच तुटल्याची एकही नोंद नाही. जुन्या राउटरला चॅनल १ दिला आणि त्याची प्रक्षेपणशक्ती एक पायरी कमी केली, कारण कोणत्या राउटरला चिकटून राहायचे हे फोन स्वतः ठरवतो, आणि दूरच्या राउटरचा संकेत जोरदार असेल तर जवळ दुसरा असूनही तो पहिल्याला सोडत नाही. मागच्या खोलीत फोनला मिळणारा संकेत आता उणे ६० डीबीएमच्या जवळपास असतो. कॉलसाठी तो उणे ६७ पेक्षा कमकुवत नसावा एवढे पाहिले.

सर्व सेटिंगची फाइल राउटरमधून उतरवून ठेवली आणि पत्ते, चॅनल, एमटीयू व अपलोडची मर्यादा लिहिलेला कागद ओएनटीच्या कपाटात आतून चिकटवला, कारण राउटर मूळ स्थितीत नेला की हे सर्व बदल पुसले जातात. एक काम शिल्लक आहे: राउटरचे फर्मवेअर नवे करायचे आहे, आणि ते केल्यावर चॅनल ३६ व अपलोडची मर्यादा तशीच राहिली आहे का, हे कागदाशी ताडून पाहायचे आहे.